पन्नास कप रस

आमच्या सातपूरच्या दोन खोल्यांत माप अशी वस्तूच नव्हती. दुधाचं माप गवळ्याकडे, किराण्याचं वाण्याकडे आणि बाकी सगळं आईच्या हातात. भात टाकायचा तर ती ओंजळीनं तांदूळ घ्यायची, धुऊन झाले की पातेल्यात बोट बुडवायची, पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं की झाकण ठेवून मोकळी. मीठ तीन बोटांच्या चिमटीत. पाक झाला की नाही ते अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मिटून-उघडून बघायची आणि तार दिसायच्या आतच पातेलं खाली उतरवायची, कारण तार कधी येणार हे तिला आधीच कळलेलं असायचं. दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीत लेथ मशीनवर होते. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत त्यांचा डबा भरलेला लागे, आणि आईच्या काळ्या मसाल्याच्या आमटीचा वास अख्ख्या चाळीला उठवी. त्या आमटीची चव रोज तीच. नऊ-दहा वर्षांत मी तिला एकदाही 'आज जरा खारट झालं हं' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मी काही गुणी मुलगी नव्हते, खोड काढायची संधी मी सोडत नसे.

मी वर्गात पहिली येत असे. हे एरवी सांगायची गरज नव्हती, पण पुढचं सगळं त्यातूनच झालं. दादा लेथवरच्या माणसांना माझे गुण सांगत. आई कुणाला काही सांगायची नाही, पण दुकानातून पुडी आली की तिच्यावरचं छापील मला वाचायला लावायची आणि मी वाचत असताना हातातलं काम थांबवून ऐकायची. ती चौथीतून सुटली होती, निफाडच्या बाजूला, मामांच्या मळ्यात खुरपायला. तिला वाचता येत होतं, फक्त तिचा त्यावर विश्वास नव्हता. मी वाचलं की तिला ते खरं वाटे. आठवी-नववीच्या पोरीला एवढा मान मिळाला की तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहिलं नाही.

आई इंदिरानगरला वैद्यबाईंकडे पोळ्या करायला जायची. वैद्यबाई म्हणजे तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, उंच, भरभर बोलणाऱ्या आणि मनानं चांगल्या. मामा दर हंगामात मळ्यातले गळलेले द्राक्षाचे मणी पाठवत. घड पेटीत भरले की खाली जे सुटे उरतात ते. आई त्यांचा रस काढून, साखर घालून, चुलीवर आटवून सरबत करायची. एकदा तिनं त्यातली एक बाटली वैद्यबाईंना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी आई परत आली ती पायातली चप्पल न काढताच दारात उभी राहिली. "बाई म्हणत्यात, चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याऐवजी हेच देऊ. आन् चांगलं झालं तर मे महिन्यात मंडळाच्या बायकांना मी शिकवायचं. मी सांगायचं आन् त्या वहीत उतरून घेणार." असं म्हणून ती हसली, आणि मग पदर तोंडावर धरून अजून हसली.

तिला हे किती हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला चांगलं कळलं होतं. ती भाकऱ्या थापताना हळू आवाजात बोलायची, "तर बायांनो, आधी मणी निवडून घ्यायचे," आणि मी आत आले की गप्प व्हायची. तिनं ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून उन्हात टाकली होती. आजवर कुणीही तिला काही विचारलेलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त सांगितलं होतं. आता इंदिरानगरातल्या शिकलेल्या बायका समोर वह्या घेऊन बसणार होत्या.

अडचण एवढीच होती की घरचं सरबत आठ दिवस टिके. हळदीकुंकू महिन्यावर होतं आणि द्राक्षं तेव्हा संपलेली असणार. म्हणून वैद्यबाईंनी कुठल्याशा प्रशिक्षण वर्गातलं एक छापील पत्रक दिलं. एक लिटर रसाला एक किलो साखर, इतकं लिंबूसत्त्व, टिकण्यासाठी इतकी पांढरी पूड. बारा लिटरचा हिशेब धरून बारा किलो साखर आणि सत्त्वाच्या, पुडीच्या मोजून बांधलेल्या पुड्या बाईंनीच पाठवल्या, सोबत तीस रिकाम्या बाटल्या आणि हिशेबाची एक चिठ्ठी. मोजायचा राहिला होता फक्त रस. पत्रकात सगळं लिटर-मिलिलिटरमध्ये होतं. आईनं ते मला वाचायला लावलं आणि म्हणाली, "हे मिलिलिटर मला नको सांगू. आपल्या कशातरी मापात सांग. वाटी म्हन, पेला म्हन."

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, एक कप म्हणजे दोनशे चाळीस मिलिलिटर. मला कोण आनंद झाला! बारा लिटर म्हणजे बारा हजार, भागिले दोनशे चाळीस, बरोबर पन्नास. बाकी शून्य. ज्या गणितात बाकी शून्य येते ते बरोबरच असणार, अशी माझी त्या वयात श्रद्धा होती. मी वहीत ठळक लिहिलं, 'पन्नास कप', खाली दोन रेघा मारल्या आणि संध्याकाळी दादांना दाखवलं. दादांनी ती वही शेजारच्या खोलीत नेऊन दाखवली.

आता कप. पाहुण्यांसाठीच्या कपबश्या फळीवर होत्या, पण त्यातल्या दोनांचे कान गेले होते आणि आई त्यांना हात लावू देत नसे. आम्ही चहा पेल्यातून प्यायचो. मग मला दादांच्या कंपनीनं दिवाळीला वाटलेला कप दिसला, चिनी मातीचा, जाड, कानात चार बोटं जातील एवढा मोठा. तो कप होता. पत्रकात कप म्हटलं होतं. कप आणि कप यांत फरक असू शकतो हे माझ्या हुशार डोक्यात शिरलंच नाही. हल्ली माझी नात स्वयंपाक करायला बसली की फोनला विचारते, अमुक मिलिलिटर म्हणजे किती कप, आणि फोन पटकन सांगतो. मी दर वेळी ओरडते, "आधी कुठला कप ते बघ!" तिला वाटतं आजी चिडखोर झालीये. झाले असेन.

मामांनी दोन क्रेट काळे मणी पाठवले होते. दोन दिवस घरभर तोच वास, गोड आणि जरासा मातीचा. हात कोपरापर्यंत जांभळे झाले, फरशी चिकट झाली, दारात मधमाश्या घोंघावू लागल्या. आई फडक्यातून रस गाळायची. मग मी पाटावर बसले, ती कप भरून मोठ्या पातेल्यात ओतायला लागली आणि मी मोठ्यानं मोजायला लागले. तिसाच्या आसपास ती थांबली. "रस लय व्हतोय गं."

"होऊ दे. पन्नास व्हायचेत."

पन्नास झाले. साखर पडली, पातेलं चुलीवर चढलं, लाकडी डाव फिरला. आईनं डावातून थेंब तळहातावर घेतला, बोटानं घोळला, चाटला. "साखर उणी हाय. हे बघ, हाताला धरत नाय, वघळतंय." मी म्हटलं, "आई, पत्रकात आहे तसंच केलंय." ती म्हणाली, "आसंल. पण किलो-दोन किलो घरातली घालू का? पातळ लागतंय मला." आणि तेव्हा मी ते बोलले. मास्तर वर्गात ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात बोलले. "हे गणित आहे. हातावर चाटून होत नसतं. तुला कळत नाही त्यात बोलू नकोस."

तिनं हात पदराला पुसला, पातेलं चुलीवरून उतरवलं आणि बाईंच्या पुड्या घातल्या. बाईंच्या तीस बाटल्या भरल्या तरी पातेल्यात बराच उरला. हिशेबानं सव्वीस व्हायला हव्या होत्या हे बाईंनी चिठ्ठीत लिहिलंही होतं. "जास्त झालं की गं," आई म्हणाली, तिच्या आवाजात प्रश्न होता. मी म्हटलं, चांगलंच आहे की, आणि उरलेलं चाळीत वाटून टाकलं. चाळीनं ते त्याच दिवशी पिऊन टाकलं आणि माझं कौतुक केलं.

मला कळलं ते दोन आठवड्यांनी. शेजारच्या लतावहिनींचं बाळ मी सांभाळत होते आणि त्याची दुधाची बाटली धुऊन उपडी घातलेली होती. तिच्यावर रेघा होत्या, मिलिलिटरच्या, दोनशे चाळीसपर्यंत. सहज, अगदी सहज, मी दादांचा कप पाण्यानं भरून आणला आणि बाटलीत ओतला. बाटली वरच्या रेघेपर्यंत भरली. कपात पाणी शिल्लक होतं. मी बाटली रिकामी केली आणि शिल्लक ओतलं. एकशे वीस. मी परत भरलं, परत मोजलं. बाळ रडायला लागलं होतं, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. पन्नास कप म्हणजे अठरा लिटर. बारा लिटरची साखर, बारा लिटरची पूड, आणि रस अठरा. आईचा हात ओरडून सांगत होता ते हेच.

अजून आठ-दहा दिवस हातात होते. बाटल्या आमच्याच घरात, पलंगाखाली होत्या. नुसतं सांगायचं होतं. आईनं त्या उघडल्या असत्या, साखर घातली असती, परत उकळलं असतं, बाईंकडून पुडी मागून आणली असती. कदाचित तेव्हाही वाचलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार होतं की तुला कळत नाही असं मी म्हटलं ते मलाच कळत नव्हतं. दादांनी वही शेजारी नेऊन दाखवली होती. मी पहिली येत होते. मी काय केलं, तर रोज शाळेतून आले की पलंगाखाली वाकून बाटल्यांकडे बघायची. एके दिवशी एका बाटलीच्या गळ्याशी बारीक बुडबुडे दिसले. मी चादर खाली ओढली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, लहान होते, असं माझा नवरा मला म्हणायचा. चौदाव्या वर्षी माणसाला चादर ओढता येते म्हणजे सगळं कळत असतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी आईनं मोरपंखी साडी नेसली. बाईंच्या दिवाणखान्यात झोपाळ्यात गौर बसली होती, कलिंगडाची कमळं कापून ठेवली होती, वाटली डाळ होती, भिजवलेल्या हरभऱ्यांची परात होती. तीस-चाळीस बायका. वैद्यबाई आईला हात धरून बाहेर घेऊन आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "या आमच्या सरबतवाल्या बाई. मे महिन्यात ह्याच तुमच्या मास्तरीण." आई लाजली, पण तिनं मान खाली घातली नाही. मी भिंतीला टेकून उभी होते.

पहिली बाटली बाईंच्या पुतणीनं स्वयंपाकघरात उघडली. झाकण फट्‌दिशी उडून छताला लागलं आणि जांभळा फेस भिंतीवर, ओट्यावर, तिच्या नव्या साडीवर. दुसरी उघडली तर तेच. वास दिवाणखान्यापर्यंत गेला. एका म्हाताऱ्या बाईंनी नाकाला पदर लावला. "अगंबाई, ही तर दारू!" कुणीतरी हसलं. "काय हो वैद्यबाई, हळदीकुंकू आहे ना? का साहेबांची पार्टी?" मग सगळ्याच हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या, आणि आई हातात रिकाम्या पेल्यांचं ताट धरून मधोमध उभी.

वैद्यबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या. "पत्रकाप्रमाणेच केलं होतंत ना? मग माप कुणी घेतलं?" आईनं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घ्यायला नव्हे. मी शिकलेली, मी नीट सांगेन, पन्नास कप कसे आले ते सांगेन, म्हणून तिनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चक्क भरवसा होता. आणि मी म्हणाले, "कप आईनंच ओतले. तिला मिलिलिटर कळत नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी बोलले तसं मला कुणीही खोटारडी म्हणू शकलं नसतं, आणि हेच मला आज सगळ्यात किळसवाणं वाटतं. खोटं बोलायलासुद्धा थोडी हिंमत लागते. आई म्हणाली, "व्हय बाई. माझ्याच हातानं वतलं. माझाच हात चुकला आसंल." तिनं ताट खाली ठेवलं, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागली. बायका परत गौरीकडे वळल्या, पन्ह्यासाठी कुणी कैऱ्या आणायला धावलं. मी पुसायलासुद्धा पुढे झाले नाही.

मे महिन्यात मंडळात दुसऱ्याच कुणी बाई येऊन सरबत शिकवून गेल्या. आई त्या दिवशीही बाईंच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

पण हे एवढंच झालं असतं तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. अपमान माणूस विसरतो, आईही विसरली असती. झालं ते असं, की हळदीकुंकवानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ती वांग्याच्या भाजीपाशी बसली होती, मिठाची बरणी मांडीवर, आणि मला म्हणाली, "मीठ किती घालू गं?" मला वाटलं ती सहज विचारतेय. मी म्हटलं, एक चमचा. तिनं चमचा शोधून आणला, भरला, बोटानं सपाट केला आणि घातला. दुसऱ्या दिवशी भाताचं पाणी विचारलं. मग चहाचं. दादांनी तिच्यासाठी एक स्टीलचा पेला कंपनीत नेऊन त्यावर रेघा कोरून आणल्या, पाव, अर्धा, पाऊण, आणि ती पेला डोळ्यांसमोर धरून, वाकून, एका रेघेवर पाणी आणायची, जास्त झालं तर थेंब थेंब ओतून टाकायची. पेर बुडवणं बंद झालं. चिमूट बंद झाली. मामा आले की चेष्टा करायचे, "आक्का, विंजेनेर झाली का काय?" ती हसायची आणि पेला डोळ्यांसमोर धरायची. आमटीची चव रोज वेगळी लागायला लागली. कधी खारट, कधी पाणचट.

मला सुरुवातीला आवडलं होतं. लिहिताना हात जड होतो, पण लिहितेच. आई मला विचारते, माझ्याशिवाय तिचं अडतं, हे मला आवडलं होतं. लग्नानंतर ती फोन करून विचारायची. दोन वाट्या रव्याला पाणी किती? पुरणाला गूळ किती? आठव्या वर्षापासून मळ्यातल्या वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या करणारी बाई. मी ऑफिसातून कुजबुजत सांगायची, आणि फोन ठेवला की दहा मिनिटं मला काम सुचायचं नाही. दर वेळी वाटे, पुढच्या फोनला सांगू. पुढचा फोन यायचा, आणि मी सांगायची, पाच वाट्या.

सांगितलं ते ती ऐंशीच्या पुढे गेल्यावर, माझ्या घरी राहायला आल्यावर. दुपारची वेळ होती. ती खुर्चीत बसून मेथी निवडत होती, स्वयंपाक तिनं केव्हाच सोडला होता. नात ओट्याशी काहीतरी मोजत होती, फोनला मिलिलिटर विचारत होती. ती बाहेर गेली आणि मी आईसमोर खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कंपनीचा कप, बाळाची बाटली, बुडबुडे, चादर. बाईंकडे मी काय बोलले तेही, जणू तिनं ते ऐकलंच नव्हतं.

ती मेथी निवडत राहिली. एक जुडी संपली. मग म्हणाली, "त्या कपात दीडपट मावत व्हतं म्हन की."

"हो."

"मी म्हनले व्हते, साखर उणी हाय."

"म्हणाली होतीस, आई."

"म्हंजी माझा हात बराबर व्हता?"

"बरोबर होता."

तिनं काड्या एका बाजूला सारल्या. मी वाट बघत होते ती रागाची. ती रागावली असती, रडली असती, मला समोरून ऊठ म्हणाली असती, तरी मला चाललं असतं. पण तिच्या कपाळावर आठी होती ती एखादी गोष्ट लक्षात येत नसली की पडते तशी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मी येवढी वर्सं तुला मीठ का इचारत व्हते गं?"

तिनं खरंच विचारलं होतं. मी सांगेन म्हणून ती थांबली होती.